शेतावरच्या ‘बिननेटच्या’ कॅमेऱ्याबद्दल खुलासा

मुळशी-भोरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘सोलर कॅमेरा लावा, नेट लागत नाही, पुण्यात बसून शेत बघा.’ हे अर्धंच खरं आहे. वायफाय लागत नाही, पण कॅमेऱ्यात ४जी सिम घालावं लागतं आणि त्याचं डेटा रिचार्जही करावं लागतं. डोंगराआड रेंज गेली की चित्रण फक्त आतल्या मेमरी कार्डावर होतं. चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही गेलंच! म्हणून आधी, जिथे कॅमेऱ्याचा खांब रोवणार तिथे, कॅमेऱ्यात ज्या कंपनीचं सिम घालणार त्याच कंपनीचं सिम फोनमध्ये घालून व्हिडिओ कॉल लावून बघा. पॅनेलचं तोंड दक्षिणेला ठेवा. आणि हो, आषाढात मुळशीत दिवसचे दिवस ऊन नसतं, तेव्हा बॅटरी मान टाकते. विकणारा हे कशाला सांगेल?