बिबट्यापेक्षा धाक फुरशाचा

कोकणातील सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पे शोधण्याविषयी आपण छापलेल्या लेखात अवचित समोर आलेल्या बिबट्याचे वर्णन चांगले रंगले आहे. मात्र सड्यावर खरा धाक असतो तो फुरसे या सापाचा, आणि त्याचा उल्लेख एका वाक्यात आटोपलेला पाहून आश्चर्य वाटले. जांभ्यात कोरलेल्या रेषा माती आणि वाळलेल्या गवताने बुजलेल्या असतात, त्या मोकळ्या करताना माणूस उकिडवा बसून हातानेच दगड बाजूला सारतो, आणि नेमका तशाच दगडाखाली हा जेमतेम फूट-दीड फुटाचा, मातकट रंगाचा विषारी साप दिवसा दडून बसलेला असतो. डिवचला गेला की तो वेटोळी एकमेकांवर घासतो आणि खवल्यांची करवतीसारखी खरखर होते. पण सड्यावरच्या भन्नाट वाऱ्यात ती ऐकू येईलच असे नाही. आमच्याकडचे गुराखी दगडाला हात लावण्यापूर्वी तो काठीने उलथतात, ते उगाच नव्हे.

टिटवीचा विषय मात्र लेखात अजिबात आलेला नाही. ती उघड्या कातळावरच अंडी घालते आणि माणूस जवळ येताच कर्कश ओरडत डोक्यावर झेपावते. ठिपक्यांची ती अंडी खड्यांत इतकी मिसळून जातात की नजर कशेळीच्या कातळशिल्पातील हत्तीची किंवा बारसूच्या कातळशिल्पातील वाघांची रेषा शोधत असताना पाय त्यांवर सहज पडावा. विणीचा काळ साधारण मार्चपासून सुरू होतो. लेखकांनी आपली पाहणी कोणत्या महिन्यांत केली, हे कळले तर बरे होईल.