प्रश्नावली मराठीत आणताना घ्यावयाची काळजी

मनाच्या आजाराची इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचं मनावर घेतलंत, उत्तम. पथ्य एकच: ती ज्यांच्यासाठी आणताय, त्यांच्यापैकी कोणालाही काम संपेपर्यंत भेटू नका. माणसं भेटली की बोलतात आणि वेळापत्रक कोलमडतं.

कुठली घ्यायची याचा घोळ नको. नैराश्य ओळखण्याची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली घ्या. फुकट मिळते, प्रश्न नऊच, आणि २००१ साली अमेरिकेतल्या दवाखान्यांत सहा हजार रुग्णांवर तपासून झालेली आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. १० किंवा त्याहून जास्त भरली की नैराश्याचा संशय घ्यायचा. हा दहाचा आकडा जसाच्या तसा उचला. तिकडचे दहा ते आपलेही दहाच.

अनुवाद पुण्यातल्या ओळखीच्या कुणाकडून तरी करून घ्या. मग उलट अनुवाद, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी. मानसशास्त्रज्ञ ब्रिसलिन यांनी १९७० साली ही पद्धत मांडली. त्यात दुसऱ्या अनुवादकाने मूळ प्रत पाहिलेली नसावी अशी अट असते. तुम्ही मूळ प्रत तोंडपाठ असलेलाच माणूस गाठा. मराठीत काहीही लिहिलेलं असो, त्याचं इंग्रजी तंतोतंत जुळतं.

प्रश्नांच्या रचनेला हात लावू नका. झोप लागत नाही किंवा फार झोपता, हा एकच प्रश्न. भूक मेलीय किंवा खा-खा सुटलीय, हाही एकच. आठव्यात तर चालणं-बोलणं मंदावलंय का, की उलट एका जागी बसवत नाही, हे एका दमात विचारायचं. स्वतः वाचून खुणा करणाऱ्याला हे निभतं. ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं की समोरची बाई "हो" म्हणते. कशाला हो, ते तिलाही ठाऊक नसतं. गुण दोन्हीला सारखेच, त्यामुळे अडत काहीच नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळकडे आशाताई टॅब घेऊन बसली आहे असं समजा. "गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झालाय का?" बाई तांदूळ निवडता निवडता म्हणते, "कायचा रस वं ताई, रोजी हाये थे." दारातून सासू: "काई नाई झालं तिले, दोन टाईम जेवते चांगली." पर्याय चारच: एकही दिवस नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. रोजीचा पर्याय त्यात नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय टॅब पुढे सरकत नाही. मग सासूचं उत्तर सुनेच्या नावावर जमा होतं. सहावा प्रश्न, म्हणजे आपण नालायक ठरलो, घरच्यांची निराशा केली असं वाटतं का, हा तर सासूच्या साक्षीनेच विचारा. तिचं मत तयार असतं.

झिम्बाब्वेच्या राजधानीत, हरारेत झाला तो प्रकार टाळा. तिथे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी आधी वैदूंना, आरोग्यसेवकांना आणि रुग्णांनाच विचारलं, की मन बिघडलं की तुम्ही काय म्हणता? त्यातून १९९७ साली शोना भाषेतली १४ प्रश्नांची यादी निघाली, आणि त्यात "फार विचार येतात का" हे आलं. झिम्बाब्वेतल्या आज्या पुढे बाकड्यावर बसून हेच चौदा प्रश्न विचारू लागल्या. म्हणजे बघा, प्रकरण किती हाताबाहेर गेलं. पटेल आणि त्यांच्या गोव्यातल्या मंडळींनी तर पाच प्रश्नावल्या इथल्याच रुग्णांच्या सविस्तर मुलाखतींशी ताडून पाहिल्या. ही ताडणी महाग पडते आणि दहाऐवजी भलताच आकडा बाहेर येण्याचा धोका असतो.

त्यापेक्षा क्रॉनबाखचा अल्फा नावाचा आकडा काढा. ०.८ आला की छापा. प्रश्नांचं एकमेकांशी किती जमतं, एवढंच अल्फा सांगतो. तंटामुक्त गावाचा दाखला म्हणा ना! गावात नळाला पाणी येतं का, हे त्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं आणि कोणी विचारतही नाही.

राहिला नववा प्रश्न. मेलेलं बरं, असं वाटतं का? याला "हो" आलं तर बेरीज चुकवू नका, बाकी तुमचं काम नाही. आशाताईला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देऊन ठेवा. घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असतो आणि नवरा अंधार पडल्यावर येतो, ही अभ्यासाच्या कक्षेबाहेरची बाब आहे. काही आशाताया मात्र दुसऱ्या दिवशी टॅब घरी ठेवून पुन्हा त्याच ओसरीवर जातात, सासूला कुठल्याशा कामाला पिटाळतात आणि भलतंच काहीतरी विचारत बसतात. त्यांना वेळीच आवरा. असल्या भेटीची नोंद करायला फॉर्ममध्ये रकाना नाही, आणि मानधनाचं तर नावच काढू नका.