मासवडीत मासा नसतो: एका फॉरवर्डला उत्तर

श्रावण लागला की आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो दादांनी टाकला. मथळा ‘खोटं मटण, खरं विष’, रोख वनस्पतींच्या प्रथिनांपासून केलेल्या नकली मांसावर. आत पाच आरोप. मांस सोडलंत तर मांसाची चव कशाला हवी, हे ढोंग आहे. त्या परदेशी बर्गरमधून जे लाल गळतं ते प्रयोगशाळेत बनवलेलं रक्त. सोया खाऊन पुरुषाचं पुरुषपण जातं. आत नुसतं मीठ आणि केमिकल. आणि शेवटी, हे इतकं महाग आहे की अमेरिकेतसुद्धा लोकांनी फेकून दिलं, कंपन्या बसल्या. खाली हात जोडलेले आणि ‘सगळ्या ग्रुपवर पाठवा’.

दादा वयानं मोठे, म्हणून ग्रुपवर वाद घातला नाही. इथे लिहितो. आधी माझं सांगून टाकतो: मी मटण खातो, रविवारी रांगेत उभा राहून आणतो. या वनस्पती-मांसाचं पाकीट मी आयुष्यात एकदा आणलं, पुन्हा आणलं नाही. तरीही हा मेसेज पहिल्या तीन मुद्द्यांवर चुकतो, चौथ्यावर अर्धाच बरोबर आहे, आणि पाचव्यावर निम्मा बरोबर असून कारण भलतंच देतो.

ढोंगापासून सुरू करू. जुन्नर, ओतूर, नारायणगाव या पट्ट्यात मासवडी होते. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, वर भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा-लसणाचं सारण पसरायचं, फडक्यानंच दुमडून त्याला माशाच्या पाठीसारखा उंचवटा द्यायचा आणि वड्या पाडायच्या. सोबत तर्रीचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. नावात मासा, आकारात मासा, आत माशाचा काटाही नाही. नागपूरकडे सावजी रश्श्यात पाटवडी पडते. कोकणात श्रावणात सुरणाचे, नीरफणसाचे काप मासळीसारखेच तिखट-मीठ लावून, रव्यात घोळून तव्यावर जातात. सुरणाचा काप खाणाऱ्याला ढोंगी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. चीनमध्ये तर दहाव्या शतकातल्या एका ग्रंथात टोफूला (सोयाच्या पनीराला) ‘छोटं मटण’ म्हणत असल्याची नोंद आहे, आणि तिथल्या बौद्ध मठांत गव्हाच्या चिकट प्रथिनापासून नकली मांस करण्याची परंपरा कित्येक शतकांची.

मांस सोडणाऱ्याला बहुतेक वेळा मांसाची चव नकोशी झालेली नसते. त्याला डॉक्टरनं बजावलेलं असतं, गळ्यात माळ पडलेली असते, नाहीतर एखाद्या दिवशी बोकड कापताना बघवलेलं नसतं. शिवाय ‘इम्पॉसिबल’, ‘बियाँड’ या अमेरिकी कंपन्यांनी पहिल्यापासून उघड सांगितलं की त्यांना गिऱ्हाईक हवंय ते मांस खाणारंच. शाकाहारी माणसाला गोमांसासारखा बर्गर विकून त्यांना काय मिळणार? मेसेज ज्या ‘सोडलेल्या’ माणसाला टोमणा मारतो, त्याच्यासाठी ही वस्तू मुळात केलेलीच नाही.

आता रक्त. इथे जरा थांबतो, कारण हे लातूर-वाशिमच्या शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऐन वाढीतलं सोयाबीनचं रोप हलक्या हातानं उपटा. मुळांवर मोहरीपासून हरभऱ्याएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर दिसलं की रायझोबियम जिवाणू कामाला लागलेत, हवेतला नत्र रोपाला मिळतोय. हिरवट किंवा करडी निघाली की गाठ निकामी. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा लांबचा भाऊ, दोघांतही ‘हीम’ नावाचा लोहयुक्त घटक असतो. मांस भाजताना जो ‘मांसाचा’ वास सुटतो, त्यात या हीमचा मोठा वाटा. स्टॅनफर्डचे जैवरसायनशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्राऊन यांनी २०११ साली इम्पॉसिबल फूड्स काढली ती याच कल्पनेवर. सोयाबीनची मुळं खणून हीम काढणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी सोयाबीनचं ते जनुक यीस्टमध्ये घातलं आणि टाक्यांत यीस्ट वाढवून प्रथिन मिळवलं. २०१६ मध्ये तो बर्गर न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात पहिल्यांदा ताटात आला.

म्हणजे प्राण्याचं रक्त नाही. ‘प्रयोगशाळेतलं’ म्हणायचं तर दादांच्या फ्रिजात इन्सुलिनची जी पेनं आहेत, त्यातलं इन्सुलिनही जनुक बदललेल्या यीस्ट किंवा जिवाणूंकडूनच करून घेतलेलं असतं. त्याला ग्रुपवर कोणी विष म्हणत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या हीमला डोळे मिटून परवानगी दिली असंही नाही. २०१५ मध्ये दिलेले पुरावे अपुरे म्हणून त्यांनी प्रश्न विचारले होते, आणखी चाचण्यांनंतर २०१८ मध्ये आक्षेप नसल्याचं कळवलं. एखाद्याला जनुक बदललेलं अन्न तत्त्वतः नको असेल तर ती त्याची भूमिका, मला समजते. पण मग तसं म्हणावं, रक्त म्हणू नये. आणि बियाँडच्या बर्गरमधला लाल रंग तर चक्क बिटाचा.

मेसेजमध्ये आणखी एक गल्लत आहे. प्राण्याच्या पेशी टाकीत वाढवून केलेलं मांस, ज्याला सिंगापूरनं २०२० मध्ये जगात पहिली विक्रीची परवानगी दिली, ते वेगळं प्रकरण. त्याचे फोटो इथे चिकटवलेत.

सोया आणि पुरुषपण यावर फार शाई घालवत नाही. सोयातल्या आयसोफ्लेवोन या घटकाची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी थोडी जुळते, तिथून ही भीती आली. पुरुषांवरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा टेस्टोस्टेरॉन या पुरुष-संप्रेरकावर परिणाम दिसला नाही. ज्या एका रुग्णाचा दाखला सतत दिला जातो, तो साठ वर्षांचा अमेरिकी गृहस्थ रोज जवळजवळ तीन लिटर सोया दूध पीत होता. बंद केलं, बरा झाला. तीन लिटर काहीही रोज प्या आणि मग बोला.

मीठ आणि केमिकल. इथे मेसेजला अर्धा मार्क. इम्पॉसिबलच्या ११३ ग्रॅमच्या टिक्कीत २०१९ मध्ये ३७० मिलिग्रॅम सोडियम आणि खोबरेल तेलामुळे ८ ग्रॅम संपृक्त चरबी होती. तेवढ्याच कच्च्या खिम्यात सोडियम पाऊणशेच्या आसपास. मात्र खिमा कोणी अळणी खात नाही. आमच्या घरी रश्श्यात जातं ते मीठ मोजायला बसलो तर मलाच घाम फुटेल. ‘केमिकल’ म्हणून ज्याचं नाव दिलंय ते मिथाइलसेल्युलोज वनस्पतींच्या तंतूंपासून करतात. त्याची गंमत अशी की ते तापलं की घट्ट होतं आणि निवलं की पातळ, म्हणून टिक्की तव्यावर फुटत नाही. पोट साफ होण्याच्या औषधातही तेच असतं. स्टॅनफर्डनं २०२० मध्ये ३६ लोकांना आठ-आठ आठवडे आलटूनपालटून खरं आणि वनस्पती-मांस खायला दिलं, तेव्हा वनस्पती-मांसाच्या काळात त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी निघालं. अभ्यासाला पैसा बियाँडचा होता, हे विसरून चालणार नाही. प्रक्रिया केलेलं अन्न आहे, पथ्याचं नाही, एवढं मी मान्य करतो. विष नाही.

राहिला पाचवा आरोप: भाव आणि बसलेल्या कंपन्या. बियाँडचा शेअर मे २०१९ मध्ये २५ डॉलरला बाजारात आला, पहिल्याच दिवशी ६५ च्या वर बंद झाला, जुलैत २३० पार गेला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एका डॉलरच्याही खाली आला. मॅकडोनाल्ड्सनं अमेरिकेत बियाँडच्या बर्गरची चाचणी घेऊन तो तिथे पुढे नेला नाही. ब्रिटनमध्ये मात्र २०२२ च्या सुरुवातीला देशभर ठेवला. एकदा कुतूहलानं घेतलं, दुसऱ्यांदा भाव बघून ठेवून दिलं, असं अमेरिकेत झालं. याचा विषाशी काय संबंध?

मी आणलेलं पाकीट पाव किलोचं, ३६० रुपयांचं. लेबलवर शंभर ग्रॅममागे १५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे एक ग्रॅम प्रथिन जवळपास दहा रुपयांना. त्याच दुकानात दोनशे ग्रॅम सोया वड्या पन्नास रुपयांना होत्या, शंभर ग्रॅममागे ५२ ग्रॅम प्रथिनांच्या. ग्रॅमला पन्नास पैसेही पडत नाहीत. पाव किलो मटण आमच्याकडे दोनशेला येतं. आणि सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये, किलोला त्रेपन्न, तोही हातात पडेल तेव्हा खरा.

मधला पैसा जातो कुठे? तेल काढून उरलेलं सोयाचं पीठ यंत्रातून दाबून बाहेर काढलं की पाणी एकदम वाफ होऊन फुलतं आणि स्पंजासारखी वडी होते. स्वस्त काम. मांसासारखे धागे हवे असतील तर पिठातलं प्रथिन आधी वेगळं काढावं लागतं, त्याचा उग्र वास घालवावा लागतो, आणि ओला लगदा यंत्राच्या तोंडाशी लांब, थंड साच्यातून हळू सरकवावा लागतो, म्हणजे तो न फुलता एका दिशेनं ओढला जातो. वर सगळा प्रवास शून्याखाली अठरा अंशांवर. दुकानदार ते दोन-चार पाकिटं ठेवतो, कारण खप नाही. खप नाही कारण भाव तो.

आणि एक गोष्ट या कंपन्यांच्या लक्षात येत नाही असं मला वाटतं. त्यांनी नक्कल केली ती खिम्याची, कारण अमेरिकी माणूस बर्गर खातो आणि खिम्याची नक्कल सगळ्यात सोपी. आमच्या ताटात मटण येतं ते हाडासकट. ते पाकीट मी कांदा-लसूण मसाल्यात, खोबरं भाजून, नेहमीसारखंच केलं. धागा बरा होता, दाताला फसवत होता. धाकट्यानं दोनदा रस्सा घेतला, भाकरी कुस्करली, मग वाटीत बोटं फिरवत विचारलं, “बाबा, नळी कुठाय?”