पडद्यासमोरचा अवसार

काल टीव्हीनं सगळ्यांसमोर माझं वय ८१ सांगितलं. मी ६८ वर्षांचा. मुलानं चवथीला आणलेला खेळ आहे. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, पडद्यावरची फळं हवेतल्या हवेत कापायची, लाल दिसलं की हात आवरायचा. "बाबा, मेंदूला चांगलं," म्हणून तो मुंबईला गेला.

काल शेजारचे आबा नारळ काढणाऱ्या पाडेल्याची चौकशी करायला आले आणि दारातच थबकले. मी एका पायावर, दोन्ही हात वर, घामाघूम. त्यांना वाटलं अवसार आलाय, देव अंगात शिरलाय. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले.

"कोण इलो हा?"

"कोण येतलो? मी खेळतंय!"

"आधी सगळे असांच म्हणतत." आणि डोळे मिटून त्यांनी गाऱ्हाणंच सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान चवथीक नेलेल्या नारळांचे पैसे अजून दिल्यान नाय, तेका बुद्धी दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हे स्वयंपाकघरातून. बायको.

त्या गडबडीत लाल कलिंगड कापलं गेलं आणि पडद्यावर ८१ झळकलं. आबा खूश. "मशीन खरा बोलता. पैसे इसारतंस ना!"

अंग हलवताना डोक्यालाही काम दिलं की लक्ष सुधारतं, असं मुलगा सांगतो. काही प्रयोगांत तसा फायदा दिसलाय, पण त्यातले बरेच छोटे. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात २०१३ साली आलेला जो प्रयोग गाजला, त्यातली ६० ते ८५ वर्षांची माणसं लॅपटॉपपुढे बसून गाडीचा खेळ खेळत होती. २०११च्या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगात म्हातारी माणसं वर्षभर नुसती चालली, तरी आठवणी सांभाळणारा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला. म्हणजे बसा, नाहीतर चाला. एका पायावर नाचायला कोणी सांगितलं?

चालायला मी तयार आहे. पण रस्त्यावर डंपर, साकवावर शेवाळ. आणि चालायचं कोणाबरोबर? वाडीतली निम्मी घरं चवथीपुरती उघडतात. उरलो मी आणि आबा. आबांबरोबर चालायचं म्हणजे वाटभर नारळांचा हिशेब.

रात्री मुलाचा फोन. आकडे त्याच्या मोबाइलवर आधीच पोचले होते. "डावा हात मागे पडतोय, बाबा."

डावा खांदा जत्रेपासून दुखतोय, हे मी त्याला सांगितलं होतं. तेव्हा त्याची मीटिंग चालू होती.