मोर्डोरचा सातबारा

बॅलरॉगला पंख असतात की नसतात, हे अजून ठरलेलं नाही. दर रविवारी संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये ते ठरायचं असतं आणि ठरत नाही. बॅलरॉग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. मीही एके काळी तुमच्यातलाच होतो. पण हॉल माझा, सतरंजी माझी आणि भडंग आमच्या हिच्या हातचं, त्यामुळे कानात बोळे घालून बसायची सोय राहिली नाही.

मूळ कारण टॉल्किन. ऑक्सफर्डला जुनी इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक. त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कथा लिहिली, तिचे तीन खंड १९५४-५५ मध्ये आले आणि १९७३ साली प्राध्यापक गेले. इथे विषय संपायला हवा होता. आपल्याकडे वडील गेले की मुलं माळा आवरतात आणि रद्दीवाल्याला हाक मारतात. यांच्या मुलानं वडिलांचे कच्चे खर्डे, खोडलेले खर्डे, खोडून पुन्हा लिहिलेले खर्डे असं सगळं लावून १९८३ ते १९९६ या काळात त्याचे आणखी बारा खंड काढले. तेही आमच्या चिरंजीवांच्या कपाटात आहेत. माझे शर्ट सध्या दाराच्या खिळ्याला असतात.

मंडळी तशी सज्जन. एक मुलगी मिरजेला मेडिकलला आहे. एक वालचंदमध्ये सिव्हिलला. एक बुधगावहून येतो, तो बँकेत आहे आणि कुठल्याही वादात ‘पान नंबर सांग’ एवढंच बोलतो. आणखी एक शांत मुलगा कोपऱ्यात बसतो. तो दुसऱ्या पंथातला, ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाला. त्याच्या लेखकानं पाचवा खंड २०११ साली दिला आणि सहावा अजून लिहितोच आहे. टेंभूच्या पाण्याची वाट बघितलेल्या आटपाडीच्या माणसाला त्याचं दुःख लगेच कळेल. बाकीचे त्याला भडंग आधी देतात.

तर पंख. हा बॅलरॉग म्हणजे जमिनीच्या पोटात, मोरियाच्या खाणीत दडलेला आगीचा राक्षस. पुस्तकात आधी म्हटलंय की त्याच्याभोवतीची सावली दोन अजस्र पंखांसारखी पसरली. थोड्याच ओळींनंतर म्हटलंय, त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले. बस, एवढ्या भांडवलावर लोक कित्येक वर्षं भांडताहेत. मेडिकलवाली म्हणते, दोन हात, दोन पाय आणि वर दोन पंख म्हणजे सहा अवयव झाले, खांद्याचं हाड कुठं बसवणार? सिव्हिलवाला म्हणतो, पंख होते तर पूल तुटल्यावर तो दरीत पडला कसा? यावर पोह्यांची ताटली ठेवता ठेवता आमची ही म्हणाली, “कोंबडीला असतात की पंख. आडात पडली तर येते का उडून वर?” हॉलमध्ये शांतता पसरली. तेव्हापासून ती त्या मंडळात ‘काकू’ न राहता तज्ज्ञ झाली आहे, आणि चहा मला करावा लागतो.

गरुडांचाही एक प्रश्न आहे. ती घातकी अंगठी मोर्डोरला, म्हणजे सौरॉन या दुष्टाच्या मुलखात, नेऊन जाळायला एवढी पायपीट कशाला, गरुडावर बसून का नाही गेले? हा प्रश्न नवखा माणूसच विचारतो, आणि विचारला की जुने लोक त्याच्याकडे ज्या दयेनं बघतात ती बघवत नाही. गरुडांचा राजा स्वतःच सांगतो म्हणे, मी निरोप न्यायला आलोय, ओझी वाहायला नाही. इथे सिव्हिलवाला पंखांचा विस्तार आणि वजनाचं गणित मांडू लागतो. मी गॅस बारीक करायच्या निमित्तानं उठतो.

इथपर्यंत हा पोरांचा खेळ होता. त्यात मोठी माणसं शिरली ती पावसाळ्यात.

आमचे मेहुणे वाळवा तालुक्यातले. ऊस आहे, थोडी हळद आहे. जुलैमध्ये काही कामासाठी सांगलीत आले आणि पाण्यानं रस्ता अडवल्यामुळे आमच्याकडेच राहिले. कृष्णा वाढत होती. आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे सांगलीच्या पोराला बाराखडीच्या आधी येतात, त्यामुळे शेजारचे वकीलसाहेब आणि वरच्या मजल्यावरचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काकाही आमच्याच टीव्हीसमोर होते. टीव्हीवर काही नवीन येईना. पलीकडे पोरांचं आयसेनगार्ड चाललं होतं.

आयसेनगार्ड म्हणजे सारुमान नावाच्या फितूर जादूगाराचा कोट. गोल भिंत, मधोमध काळा मनोरा, जमिनीखाली भट्ट्या. चालतीबोलती झाडं म्हणावीत असे ते एंट लोक चिडून त्याच्यावर चालून जातात, शेजारच्या आयसेन नदीचं पाणी बांध घालून साठवतात, आणि मध्यरात्री बांध फोडून सगळं पाणी आत सोडतात. चिरंजीवांनी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. पाटबंधारेवाल्या काकांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“मध्यरात्री?” ते म्हणाले. “पूर्वसूचना?”

“काका, ते युद्ध आहे.”

“असू दे की. खालच्या गावांना इशारा नको? विसर्ग किती क्युसेक होता?”

पुस्तकात क्युसेक दिलेले नाहीत. एवढी मोठी त्रुटी लेखकानं कशी ठेवली हे काकांना कळेना. कोयनेतून सोडलेलं पाणी इथं पोचेपर्यंत आम्ही किती वेळा फोन करतो, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. सिव्हिलवाल्यानं वही काढली. वकीलसाहेबांनी निराळाच मुद्दा काढला, की नदीला इतकं लागून कोट होता म्हणजे बांधकाम सरळ पूररेषेच्या आत होतं, मग सारुमानला परवानगी कुणी दिली? तो मनोरा सारुमाननं बांधलेला नाही, फार पूर्वी गोंडोरच्या लोकांनी बांधला, असं बुधगावच्या मुलानं सांगितल्यावर ते समाधानानं म्हणाले, “म्हणजे जुनं बांधकाम. मग काय होत नाही.” त्या रात्री पाणी कुठवर आलं हे विचारायला साडेदहापर्यंत कुणाला आठवण झाली नाही.

मेहुणे मात्र गप्प होते. सुपारी कातरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “दाजी, त्या मोर्डोरात लाखानं सैन्य हाय म्हणत्यात. ती खात्यात काय?”

मी चिरंजीवांना उठवलं. चूक उत्तर देऊन मेहुण्यांचा गैरसमज होऊ देणं मला परवडणारं नव्हतं, आमची थोडी जमीन तेच बघतात.

उत्तर पुस्तकात निघालं. मोर्डोरचा वरचा भाग राखेचा आणि खडकाळ असला तरी दक्षिणेला नुर्नेन नावाचा मोठा तलाव आहे, त्याच्या काठी गुलामांकडून कसून घेतलेली अफाट शेती आहे, सैन्याची रसद तिथून येते.

“तळ्याचं पाणी कसलं हाय?”

“कडवट. तसं लिहिलंय.”

मेहुण्यांनी सुपारीचा अडकित्ता खाली ठेवला. “गेली मग जमीन. नुसतं पाणी देत ऱ्हायचं आन् निचरा न्हाई, तर मीठ फुटणारच वर. आमच्याकडं नदीकाठाला बघ की, सोन्यासारखं रान क्षारपड होऊन पडलंय. ह्यांनी चर काढल्यात का?”

चर काढलेत की नाहीत हे बारा खंडांतही नाही. चिरंजीवांचा चेहरा बघण्याजोगा झाला. एवढी वर्षं हा मुलगा एल्फांच्या वंशावळी तोंडपाठ म्हणतोय आणि मोर्डोरच्या निचऱ्याचा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

“आन् लढाई झाल्यावर त्या रानाचं काय केलं?”

इथे मात्र पोरगं खुललं. नवा राजा आरागॉर्न गादीवर बसल्यावर गुलामांना मुक्त करतो आणि नुर्नेनकाठची सगळी जमीन त्यांच्याच मालकीची करून टाकतो, हे त्यानं पान काढून दाखवलं.

“म्हंजे कूळकायदाच की!” मेहुणे उभे राहिले. “सात-बाऱ्यावर नावं चढवली का? का नुसतं तोंडी?”

यावर पुढचे दोन रविवार गेले. वकीलसाहेबांचं मत असं, की राजाची घोषणा पुरेशी नाही, फेरफार नोंद झाली पाहिजे, नाहीतर आरागॉर्नच्या नातवाच्या राज्यात जुन्या मालकांचे वारस उभे राहणार. मेडिकलवालीनं विचारलं, जुना मालक तर सौरॉन, त्याला कुठले वारस? वकीलसाहेब हसले. जमीन असली की वारस निघतात, म्हणाले.

टॉम बॉम्बाडिल कोण, हा या मंडळींचा सगळ्यात लाडका प्रश्न. निळा अंगरखा, पिवळे बूट, दिवसभर गाणी म्हणत रानात हिंडणारा हा गृहस्थ, आणि जिच्यामुळे जग होरपळतंय ती अंगठी त्याच्या हातात काहीच करत नाही. देव म्हणावा तर नाही, माणूस म्हणावा तर नाही. समोरच्या काकू पौर्णिमेला औदुंबरला जाऊन आल्या होत्या, प्रसाद द्यायला आत आल्या आणि दोन मिनिटं ऐकून म्हणाल्या, “अवधूत असणार. असतात असे.” आणि निघून गेल्या. त्यांना पुढचं ऐकायचीही गरज वाटली नाही.

एव्हाना मीही थोडंफार वाचू लागलो होतो. शर्ट ठेवायला जागा करताना टॉल्किनच्या पत्रांचं पुस्तक हाती लागलं आणि त्यात मला एंटबायकांचं उत्तर सापडलं. ही एक मोठी वेदना आहे. एंटांना रान आवडायचं, त्यांच्या बायकांना बाग आणि शेती. बायका निघून गेल्या, पुढे युद्धात त्यांच्या बागा जळाल्या, आणि त्या कुठे गेल्या ते एंट अजून विचारत हिंडतात. (शेती करणारी बाई उठून गेली म्हणजे नवऱ्याचंच काहीतरी असणार, असा आमच्या हिचा आणि मेहुण्यांचा संयुक्त निष्कर्ष आहे.) तर एप्रिल १९५४ च्या एका पत्रात लेखकानं स्वच्छ लिहिलंय, की मला वाटतं त्या बागांबरोबरच संपल्या. पहिला खंड दुकानात आला जुलैमध्ये. म्हणजे प्रश्न छापून यायच्या आधी उत्तर तयार होतं! आणि बॉम्बाडिलचं? त्याच पत्रात म्हटलंय की तो मी मुद्दामच कोडं ठेवलाय.

मी रविवारी उभं राहून हे वाचून दाखवलं. वाटलं होतं, पोरं डोक्यावर घेतील. पान नंबरसुद्धा सांगितला.

कुणी बोलेना. मग बुधगावचा मुलगा, ज्यानं आजवर पानाशिवाय काही मानलं नाही, तो म्हणाला, “काका, पत्र वेगळं आणि पुस्तक वेगळं.” मेडिकलवाली म्हणाली, लेखकाला तरी सगळं ठाऊक असतं असं कुठंय? चिरंजीव ‘बाबा, तुम्ही चहाचं बघा’ अशा नजरेनं बघत होते. सिव्हिलवाल्यानं पत्रातला ‘मला वाटतं’ पकडला आणि अर्ध्या तासात एंटबायका पूर्वेला कुठेतरी जिवंत आहेत हे पुन्हा सर्वानुमते शक्य झालं.

वकीलसाहेब मला गॅलरीत घेऊन गेले. “तुम्ही निकालपत्र आणून दिलंत हो,” ते म्हणाले. “माझ्याकडे बांधाचा एक दावा आहे. वकीलपत्रावर आजोबांची सही, तारखेला येतो नातू. परवा तडजोड होत आली तर दोन्हीकडची माणसं रडायला आली, आता बुधवारी सांगलीला यायचं कशाला म्हणून.”

मेहुणे पाणी ओसरल्यावर गावी गेले होते. काल रात्री जेवायला बसलो आणि त्यांचा फोन. उसाच्या बिलाचं असेल म्हणून घेतला.

“दाजी, ती पाच जादूगार हुतं न्हवं? एक पांढरा, एक करडा, एक तपकिरी. आन् दोन निळं. त्या निळ्या दोघांचं काय झालं?”

“पूर्वेला गेले.”

“ते हाय म्हायती. फुडं काय?”

मी घास ठेवला आणि खरं ते सांगितलं, की लेखकानं १९५८ साली एका पत्रात लिहिलं, ते दोघं बहुधा फसले असावेत. आणि अगदी शेवटच्या काळात लिहून ठेवलं, की त्यांनी तिकडे सौरॉनला चांगलाच खोडा घातला.

“दोन्ही त्यानंच लिवलंय?”

“दोन्ही त्यानंच.”

पलीकडे थोडा वेळ सुपारी कातरल्याचा आवाज आला. “मग आयतवारी येतो,” मेहुणे म्हणाले, “ताईला म्हणावं, भडंग जरा तिखट कर.”