कणा नाही म्हणून कळ नाही?

‘कोळंबी, कुर्ल्या (खेकडे), माकुल (स्क्विड) यांना कणा नाही, मेंदू नाही, म्हणून वेदनाही नाही. उकळत्या पाण्यातली तडफड ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया. बाकी सगळं परदेशी फॅड. आणि भाजी पिकवतानाही किडे मरतातच.’ हा निरोप मला इतक्यांदा आलाय की एकदा उत्तर देऊनच टाकतो. मी कुर्ल्यांच्या सारावर वाढलेला माणूस, तेव्हा शाकाहाराचं प्रवचन नाही.

मेंदू नाही, हे माकुलाच्या बाबतीत धादांत खोटं. त्याच्याच भाईबंदाला, ऑक्टोपसला, सुमारे 50 कोटी चेतापेशी असतात. कुर्लीचा मेंदू लहान, पण असतो.

प्रतिक्षिप्त क्रियेचा मुद्दा मात्र वरकरणी पटणारा आहे. चटका बसला की हात मागे येतो, तसंच हे. पण बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट एलवूड यांनी खेकड्यांपुढे दोन अंधाऱ्या कपारी ठेवल्या. एकीत गेलं की विजेचा झटका. दोन-तीन फेऱ्यांतच खेकडे ती कपार टाळायला लागले. शंखात राहणारे खेकडे तर झटका बसल्यावर नावडता शंख चटकन सोडत, आवडत्याला चिकटून राहत. म्हणजे सोसायचं किती आणि कशासाठी, याचा हिशेब चालू. नुसत्या प्रतिक्षेपाला हिशेब जमत नाही. यातून वेदना शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण ‘नाहीच’ म्हणायला जागा उरत नाही.

परदेशी फॅड? ब्रिटनने 2022 च्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे, कोळंबी, ऑक्टोपस घेतले, खरं. पण आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. खाण्यासाठी मारायला मुभा आहे, विनाकारण यातना द्यायला नाही. जैनांनी तर शंख-शिंपल्यांना कधीच द्वींद्रियांत, म्हणजे दोन इंद्रियांच्या जिवांत, बसवलंय.

शेतात किडे मरतात, कबूल. पण म्हणून जिवंत कुर्लीचे डेंगे (नांग्या) पिरगळून तोडायला परवाना मिळत नाही. आणि मोजायचंच तर नीट मोजू: एक सुरमई घरादाराला पुरते, किलोभर कोळंबीत डझनांनी जीव. शिवाय कोळंबीच्या बीजोत्पादनात माद्या लवकर अंड्यावर याव्यात म्हणून डोळ्याचा देठ कापायची पद्धत आहे. हे कळल्यापासून तळ्यातली कोळंबी घरी येत नाही.

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मात्र मी बिनघोर खातो. त्यांना खरंच मेंदू नाही, नुसत्या चेतागाठी. तिथे निरोपवाल्याशी माझं बरंचसं जुळतं. कुर्ल्या वर्षातून दोन-तीनदा. आधी बर्फाच्या पाण्यात पूर्ण निपचित होऊ देतो, मग झटक्यात मधोमध चिरतो. विजेनं बधिर करणं याहून बरं, पण ते घरात कुठलं?

बाजारात ‘मावशी, डेंगे मोडू नका, तशाच द्या’ म्हटलं की मावशी हसतात. ‘बोट सांभाळ,’ म्हणतात आणि सुतळी जरा घट्ट बांधून देतात.