आजींचे गुण कोणाशी ताडायचे?

यूजीसीने एम.फिल. बंद केलं, क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती २०२५-२६पर्यंत मुदत वाढवून दिली, आणि महाराष्ट्रातल्या मानसशास्त्रज्ञांमध्ये एकच प्रश्न तापला: यापुढे रुग्णाची स्मृती आणि बुद्धी चाचण्यांनी तपासण्याचा हक्क कोणाचा? रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता असलेल्या दोन वर्षांच्या एम.फिल.वाल्यांचा, की नव्या अभ्यासक्रमांतून येणाऱ्यांचाही? वाद रास्त आहे. अमेरिकेत १९९७च्या ह्यूस्टन परिषदेपासून न्यूरोसायकॉलॉजिस्टची, म्हणजे अशा चाचण्यांवरून मेंदूचं काम जोखणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची, वाट ठरलेली आहे: डॉक्टरेट, वर्षभर इंटर्नशिप, त्यावर दोन वर्षांची फेलोशिप. तरीही एवढं शिकलेल्या माणसाच्या हातून मुलाकडे राहायला आलेल्या मराठी आजींचं निदान चुकतं. इथे पदवी कमी पडत नाही, तुलनेचे आकडे कमी पडतात. महाराष्ट्रातल्या वादात हा मुद्दा फारसा येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग, आक्रसलेला दिसेल, पण आजींच्या हाती औषधांचा डबा सोपवावा का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी तासभर मुलाखत, घरच्यांशी वेगळं बोलणं, मग तीन-चार तासांच्या चाचण्या. त्याआधी कानाचं यंत्र चालू आहे का, बी१२ आणि थायरॉइड तपासलंय का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, मन खचलंय का, हे बघायचं. हे राहिलं तर पुढचे सगळे आकडे फुकट.

शब्दांच्या यादीची चाचणी घ्या. पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवायचे आणि दर वेळी आठवतील तितके म्हणवून घ्यायचे. मध्ये दुसरी यादी. वीस-तीस मिनिटांनी पहिली यादी पुन्हा विचारायची, आणि शेवटी "हा शब्द यादीत होता का?" असं एकेक. स्वतःहून आठवत नाही पण ओळखता येतं, तर शब्द आत आहेत, फक्त वर येत नाहीत. नैराश्यात किंवा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारात असं बरेचदा दिसतं. ओळखताही येत नसेल तर अल्झायमरची शंका बळावते. निदान असं आकृतिबंधावरून होतं. नुसत्या बेरजेवरून ते करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता आकड्यांकडे. समजा, आजींनी एका मिनिटात अकरा प्राण्यांची नावं सांगितली. पदवीधर अमेरिकनांची सरासरी १८ आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) ४.५ धरलं, तर आजी सरासरीच्या १.५६ विचलन खाली. १.५च्या खाली गेलं की स्मृती-बुद्धीतल्या सौम्य घटीचा शिक्का बसू शकतो. पण चौथी शिकलेल्या, त्याच वयाच्या बायकांची सरासरी १२ आणि विचलन ३.५ निघालं, तर याच आजी फक्त ०.२९ खाली, म्हणजे ठणठणीत. आजी त्याच, उत्तरही तेच. मोका (MoCA) या जगभर वापरल्या जाणाऱ्या छोट्या चाचणीत बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्याला एक गुण वाढवून मिळतो. बारावी झालेल्यालाही एक, शाळेचं तोंड न पाहिलेल्यालाही एकच!

दुभाष्याने गोष्ट सुटत नाही. आकडे ऐकून परत म्हणण्याच्या चाचणीत परीक्षकाने ते सेकंदाला एक या चालीने म्हणायचे असतात. सूनबाई "चार-सात, नऊ-दोन" अशा जोड्या करून सांगते आणि आजींना जास्त आठवतात. कुलपाचं चित्र पाहून आजी "किल्ली" म्हणतात, फोनवरचा दुभाषी चांगुलपणाने "कुलूप" असंच इंग्रजीत सांगून टाकतो. खरी माहिती त्या चुकीत होती, ती तिथेच हरवली.

भारतात हे काम झालेलं नाही असं नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर खेडुतांसाठी १९९५मध्ये हिंदी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशन ही चाचणी तयार झाली; तिच्यात मूळ इंग्रजी चाचणीसारखं "डोळे मिटा" हे वाचून करायचं नसतं, परीक्षकाचं बघून करायचं असतं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच, आहे. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) न्यूरोकॉग्निटिव्ह टूलबॉक्स हा चाचणीसंच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा पाच भाषांत आला. त्या पहिल्या पाचांत मराठी नव्हती.

मराठीसाठी तुलनेचे आकडे जमवायचे तर हिशेब असा मांडता येतो. वयाचे तीन गट, शिक्षणाचे चार (शून्य, चौथीपर्यंत, दहावीपर्यंत, त्यापुढे), असे बारा खण, प्रत्येकात पन्नास माणसं: सहाशे. परीक्षक दिवसाला दोघांना तपासतो. सहा परीक्षकांचं हे पन्नास दिवसांचं काम. पक्षाघात, फिट्स, दारूचं व्यसन असलेले आधीच वगळायचे, विदर्भ-कोकण-मराठवाडा सगळीकडची माणसं घ्यायची, आणि काही जणांची तपासणी दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा करून घ्यायची. दैनंदिन कामांची प्रश्नावलीही बदलायला हवी: जन्मात गॅस न पेटवलेल्या आजोबांना स्वयंपाकाचं विचारून काय कळणार? पेन्शनचा हिशेब, हयातीचा दाखला, पूजेची तयारी विचारा.

हक्काच्या वादालाही इथूनच उत्तर मिळतं. अमेरिकेत चाचणी घेण्याचं काम पुष्कळदा सायकोमेट्रिस्ट (फक्त चाचण्या घेण्याचं प्रशिक्षण घेतलेला सहायक) करतो, अर्थ लावून सही करतो तो न्यूरोसायकॉलॉजिस्ट. नव्या अभ्यासक्रमांतल्या मुलांना कसून शिकवून चाचण्या घेऊ द्या. अर्थ लावणं अनुभवी माणसाकडे राहू द्या.

तोवर परदेशात आई-वडिलांना तपासायला नेणाऱ्यांनी मराठी येणारा परीक्षक आधीच मागावा. तो न मिळाल्यास प्रशिक्षित दुभाषी घ्यावा, स्वतः दुभाषी होऊ नये. शाळेची नेमकी वर्षं, शाळेचं माध्यम, सगळ्या गोळ्या आणि देशातले जुने रिपोर्ट सोबत न्यावेत. अहवाल हातात आला की त्यात तीन गोष्टी लिहिल्यात का ते बघा: चाचणी कोणत्या भाषेत झाली, दुभाषी कोण होता, आणि गुण कोणत्या लोकांशी ताडले. तिसरी नसेल तर लेखी मागा.